विनिपेगच्या बर्फावर, हातात झाडू घेऊन

कॅनडा म्हटले की आपल्याकडे टोरंटो आणि व्हँकुव्हर ही दोनच नावे निघतात. विनिपेगचे नाव कोणी घेत नाही. हे शहर त्या अवाढव्य देशाच्या जवळजवळ मधोमध, मॅनिटोबा प्रांतात आहे. सभोवार सपाट गव्हाची जमीन. डोंगर नाही, समुद्र नाही. रेड आणि असिनिबॉईन या दोन नद्यांचा येथे संगम होतो, आणि हिवाळ्यात त्या गोठल्या की त्यांच्या पाठीवरून माणसे चालतात, मुले स्केटिंग करतात. जानेवारी-फेब्रुवारीत पारा उणे २५ पर्यंत उतरला तरी तेथे त्याची बातमी होत नाही. प्रत्येक मोटारीच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर लोंबत असते. सुरुवातीला मला वाटले, विजेवरच्या गाड्या असतील. पण तसे नाही. रात्री ती वायर प्लगात घालून इंजिन ऊबदार ठेवावे लागते, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही.

अशा गावात माणसे सहा महिने करतात काय, हा आपल्याला पडणारा पहिला प्रश्न. त्याचे एक उत्तर म्हणजे कर्लिंग. या खेळाचे सामान नवशिक्याने काय घ्यावे, किती घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये, एवढेच या लेखात सांगणार आहे. आपल्यापैकी कितीजणांना याचा उपयोग, असे कोणी विचारील. पण आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली नर्सिंग, हॉटेल, संगणक अशा कामांसाठी थंड देशांत जात आहेत. तेथली नोकरी त्यांना सांभाळता येते. नोकरीवरून परतल्यावरची संध्याकाळ सांभाळणे त्यांना जड जाते.

माझी भाची विनिपेगला वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. पहिल्या दोन हिवाळ्यांत ती काम आणि खोली, खोली आणि काम एवढेच करीत होती. दुपारी साडेचारला अंधार पडतो. फोनवर तिचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता. तिसऱ्या हिवाळ्यात तिने एका क्लबात नवशिक्यांच्या वर्गाला नाव घातले. शुश्रूषागृहातले एक आजोबा दूरदर्शनवर कर्लिंगचे सामने पाहत आणि तिलाही शेजारी बसवून डाव समजावत. त्यातून ही आवड लागली. मी गेल्या हिवाळ्यात अर्जित रजा काढून तिच्याकडे निघालो, तेव्हा ताईने मला बजावून सांगितले, "अरे, तिथं गेल्यावर तिला जरा समजाव. दगड ढकलायच्या खेळाला पैसे घालायला निघालीय. वर झाडू विकत घ्यायचाय म्हणते!"

ताईचा राग पैशांपुरता नव्हता. तिच्या सासूबाई मुंबईत पालिकेच्या सफाई खात्यात २९ वर्षे कामाला होत्या. पहाटे रस्ता झाडून आल्यावर त्यांचे हात कितीही धुतले तरी त्यांना धुतल्यासारखे वाटत नसत, असे ताई सांगते. "आईंनी आयुष्यभर झाडू मारला तो पोरीच्या हातात येऊ नये म्हणून. आणि ही डॉलर मोजून घेतेय!" यावर मी काही बोललो नाही. मी कारकून माणूस. कुणाची समजूत घालण्यापूर्वी जमाखर्च डोळ्यांनी पाहावा, ही आमच्या टेबलाची शिस्त.

खेळ कसा असतो

आधी खेळ थोडक्यात सांगतो. सुमारे १५० फूट लांब आणि १५ फूट रुंद असा बर्फाचा पट्टा असतो. त्याला शीट म्हणतात. दोन्ही टोकांना रंगीत वर्तुळे काढलेली असतात. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १२ फूट. त्याला हाऊस, म्हणजे घर, म्हणतात आणि मधल्या ठिपक्याला बटन. चारचार जणांचे दोन संघ. प्रत्येकाने दोन दगड सोडायचे, म्हणजे एका फेरीत १६ दगड. फेरी संपल्यावर ज्या संघाचा दगड बटनाच्या सर्वांत जवळ, गुण त्यालाच. आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आतले जितके दगड, तितके गुण. दुसऱ्या संघाला त्या फेरीत शून्य. क्लबातला सामना सामान्यतः आठ फेऱ्यांचा, दोन तासांचा.

आपल्या वाचकांनी कॅरम डोळ्यांसमोर आणावा. सोंगटी कुठे अडवायची, कुठे आडोसा घ्यायचा, कुणाची उडवायची, हे सारे डावपेच त्यात आहेत. खुद्द विनिपेगला नद्यांच्या संगमावर, ज्या जागेला फोर्क्स म्हणतात तेथे, २०१७ साली क्रोकिकर्ल नावाचा एक खेळ निघाला. क्रोकिनोल हा लाकडी फळीवर टिचकीने सोंगट्या मारण्याचा कॅनडातला जुना खेळ, आपल्या कॅरमचा चुलतभाऊ शोभावा असा. त्याची आणि कर्लिंगची सांगड घालून उघड्यावर बर्फाचे मोठे गोल मैदान केले. तेथे पैसे पडत नाहीत. आम्ही दोघे एका रविवारी तेथे खेळलो आणि नाकाला काही कळेनासे झाल्यावर पळून आलो.

कर्लिंग मूळचे स्कॉटलंडचे. १५११ हे साल कोरलेला एक दगड तेथे जपून ठेवला आहे. स्कॉटिश लोक कॅनडात आले, त्यांच्याबरोबर खेळ आला. माँट्रियलला १८०७ साली क्लब निघाला. विनिपेगला १८७६ साली पहिला सामना झाल्याची नोंद आहे; त्यात हरलेल्या संघाने ओटच्या पिठाचे एक पिंप रुग्णालयाला दिले. ही प्रथा मला फार आवडली. विनिपेगचा ग्रॅनाईट कर्लिंग क्लब १८८० सालचा. नदीकाठची त्याची लाकडी पट्ट्यांची जुन्या इंग्लिश धाटणीची इमारत आम्ही बाहेरून पाहिली.

दगड कुणाचा?

भाची खेळते तो क्लब एवढा नामांकित नाही. घरांच्या रांगेमागे, गोदामासारखी दिसणारी लांबट इमारत. बाहेर गाड्या, आत शिरताच बुटांचे रॅक आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतीमागे टेबले मांडलेली. तेथे बसून खालचा बर्फ दिसतो. म्हातारी मंडळी कॉफी पीत प्रत्येक दगडावर मत देत असतात. आपल्याकडे चौकात कॅरमबोर्डाभोवती उभे राहणारे असतात ना, अगदी तसेच. फरक इतकाच की येथे त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आहेत.

क्लबात नवशिक्यांना शिकवणारे गृहस्थ फिलिपिन्सचे होते. विनिपेगात फिलिपिनो लोकांची वस्ती फार मोठी आहे. हे गृहस्थ एका रुग्णालयात सामानाच्या गाड्या ढकलण्याचे काम करीत आणि संध्याकाळी येथे विनामूल्य शिकवीत. (२०२५ साली चीनमध्ये हार्बिनला झालेल्या आशियाई हिवाळी स्पर्धेत फिलिपिन्सच्या पुरुषांनी कर्लिंगचे सुवर्णपदक जिंकले, तेही अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून. जेथे नैसर्गिक बर्फ पडत नाही अशा देशाचे हे काम!) मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "दगड केवढ्याला पडतो?"

ते हसले. म्हणाले, दगड कोणी विकत घेत नाही.

आणि या खेळाच्या हिशेबाची सारी मेख येथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. या खेळातली सर्वांत महाग वस्तू दगड. तो साधा नव्हे, ग्रॅनाईटचा. वजन ३८ ते ४४ पौंड, म्हणजे सतरा ते वीस किलो. सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून कमी. घेर ३६ इंचांच्या आत. वर रंगीत मूठ, एका संघाची लाल तर दुसऱ्याची पिवळी. उत्तम दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग नावाच्या एका ओसाड बेटावरून येतो. क्लबच्या भिंतीवर त्या बेटाचे छायाचित्र लावले आहे. समुद्रातून सरळ वर आलेला सुमारे ११०० फुटांचा सुळका. तेथे माणसे राहत नाहीत, पक्षी राहतात. पक्ष्यांचे अभयारण्य असल्यामुळे सुरुंग लावून दगड फोडायला बंदी आहे. पूर्वी फोडून पडलेले खडक काही वर्षांनी बोटीतून उचलून आणतात; २००२ आणि २०१३ साली असे आणले होते. मॉचलिन गावातला एक कारखाना १८५१ पासून त्यांचे दगड घडवतो आणि ऑलिंपिकला लागणारे दगडही तेथूनच जातात.

त्या बेटावर ग्रॅनाईटच्या निरनिराळ्या जाती मिळतात. निळसर जातीचा कण इतका बारीक आणि घट्ट की त्यात पाणी मुरत नाही. पाणी मुरले, गोठले, की दगड आतून फुटतो. म्हणून बर्फाला टेकणारा भाग या जातीचा करतात. हिरवट जातीचा दगड टकरा सोसतो, म्हणून अंग त्याचे. आपल्या पाथरवटांना हे सांगावे लागणार नाही. जात्याला कोणता दगड आणि उंबऱ्याला कोणता, हे आपले जुने लोक टाकीच्या आवाजावरून ओळखीत.

असा दगड एकदा घेतला की पिढ्या-दोन पिढ्या चालतो. खालची कड झिजली की पुन्हा घासून घेतात. तो क्लबचा असतो आणि ज्याच्या त्याच्या शीटवर ठेवलेला असतो. डॉक्टर आला तरी तोच दगड, गाड्या ढकलणारा आला तरी तोच. वर्गणी भरली की त्यावर सर्वांचा सारखा हक्क. बर्फ क्लबचा, दगड क्लबचा. नवशिक्याला झाडूही क्लबच देतो. मग उरते काय?

पायापासून सुरुवात

उरतात ते बूट. आणि येथेच दुकानदार तुम्हाला गाठतो.

कर्लिंगच्या बुटांची जोडी म्हणजे एक अजब प्रकार आहे. दोन बूट दोन स्वभावांचे. एकाच्या तळाला टेफ्लॉनचा गुळगुळीत पत्रा, त्याला स्लायडर म्हणतात. दुसऱ्याच्या तळाला चिकटून राहणारे रबर, तो ग्रिपर. खेळाडू मागे बर्फात बसवलेल्या रबरी आधारावर, म्हणजे हॅकवर, ग्रिपरचा पाय रोवतो, रेटा देतो आणि स्लायडरच्या पायावर बसल्या स्थितीत दगडाबरोबर घसरत पुढे जातो. दगड उचलायचा नसतोच. त्यामुळे या खेळात दंडाच्या ताकदीपेक्षा तोल महत्त्वाचा. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा स्लायडर डाव्या पायाला. माझी भाची डावखुरी. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून तिने पुष्कळ फटके खाल्ले आहेत. तिचा स्लायडर उजव्या पायाला हवा, आणि असे बूट दुकानात तयार क्वचितच असतात, मागवावे लागतात.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्याने प्रथम २४० डॉलरचे बूट काढले. मग १९० चा कार्बनच्या दांड्याचा झाडू, ९० ची ताणली जाणारी पँट, ४५ चे हातमोजे, ७० ची पिशवी. माणूस वाईट नव्हता, गोड बोलत होता. पण गिऱ्हाईक नवशिके आहे हे त्याला दारातच कळले होते. मी खिशातली वही काढून बेरीज केली. ६३५ डॉलर. त्यावर मॅनिटोबात १२ टक्के कर. एकूण ७११. डॉलरचा भाव ६२ रुपये धरला तर ४४ हजारांच्या घरात. एवढ्यात आपल्याकडे एखाद्या मुलाची वर्षाची फी भागते. भाची माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "मामा, आईला हा आकडा सांगू नका."

विक्रेत्याला आम्ही सांगितले की विचार करून येतो. नंतर त्या फिलिपिनो गृहस्थांनी जे सांगितले ते प्रत्येक नवशिक्याने कागदावर लिहून ठेवावे.

पहिली वस्तू घरचीच: रबरी तळाचे स्वच्छ बूट. मात्र ते फक्त आतच घालायचे, रस्त्यावर कधीही नाही. विनिपेगच्या रस्त्यांवर घसरू नये म्हणून वाळू आणि मीठ टाकतात. बुटाच्या तळाला चिकटून त्यातला एक कण बर्फावर आला तर शंभर फुटांवरून सरळ येणारा दगड त्या कणावर अडखळून भलतीकडे जातो आणि सगळ्या क्लबाची नजर तुमच्या पायांकडे वळते. कर्लिंगचा बर्फ म्हणजे आरसा नव्हे. खेळापूर्वी एक माणूस पाठीवरच्या डब्यातून कोमट पाण्याचे तुषार उडवीत जातो. ते गोठून खडीसाखरेसारखे बारीक उंचवटे तयार होतात. दगड त्या उंचवट्यांवरून धावतो. एवढ्या नाजूक भुईवर घाण बुटांनी जाणे म्हणजे सारवलेल्या ओसरीवर चिखलाचे पाय घेऊन चढणे.

दुसरी वस्तू, बुटावर चढवायचा स्लायडर. चपलेच्या तळासारखा टेफ्लॉनचा तुकडा, त्याला रबरी पट्टा. हा कोणत्याही पायाला चालतो, म्हणजे डावखुऱ्यांची अडचण आपोआप मिटते. दुकानात ३० डॉलर. वर्षभर तरी नवशिक्याचे यावर भागते. तिसरी, दुसऱ्या पायासाठी चढवता येणारा ग्रिपर, २० डॉलर. जुना ग्रिपर कधी घेऊ नये. त्याचे रबर भुरभुरू लागले की तेच कण बर्फावर पडतात. बर्फावर चढताना नेहमी ग्रिपरचा पाय आधी टाकायचा, आणि स्लायडर पायात चढवायचा तो हॅकमध्ये बसल्यावरच. ज्यांनी उलट केले ते पाठीवर पडलेले मी स्वतः पाहिले. एका संध्याकाळी तिघे.

म्हणून चौथी वस्तू डोक्याची. कर्लिंगमध्ये माणूस पडतो तो बहुधा मागे, आणि डोके बर्फावर आपटते. बर्फ सिमेंटइतकाच कठीण. आत गादी शिवलेली टोपी किंवा डोक्याचा पट्टा मिळतो, ५५ डॉलरला. भाचीला ते घालायची लाज वाटत होती, कारण फारसे कोणी घालत नाही. येथे मात्र मी मामाचा अधिकार वापरला. शुश्रूषागृहात काम करणारी मुलगी एकदा डोक्याला मार लागून महिनाभर घरी बसली, तर तिचा पगार कोण देणार आणि खोलीचे भाडे कोण भरणार?

पँटसाठी वेगळा खर्च कशाला? जीन्स घालून खाली बसता येत नाही, एवढेच लक्षात ठेवायचे. घरातली व्यायामाची ताणली जाणारी पँट पुरते. आत थंडी असते, पण बाहेरच्यासारखी नाही. दोन स्वेटर एकावर एक घालावेत म्हणजे झाडू मारून घाम आला की एक काढता येतो.

झाडूचा प्रश्न

आता झाडू. त्यासाठीच ताईने मला धाडले होते.

इंग्रजीत त्याला आजही ब्रूम, म्हणजे झाडूच, म्हणतात. कारण पूर्वी तो खरोखर झाडूच होता. कॅनडात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गवताच्या लांब काड्यांचा झाडू घेऊन खेळत. दोघे बाजूंनी सपासप फटकारे मारीत दगडापुढे धावत. क्लबच्या भिंतीवर तसे दोन जुने झाडू टांगले आहेत. आताचा झाडू म्हणजे फायबरचा किंवा कार्बनचा लांब दांडा आणि त्याला खाली कापडाची गादी. जोराने घासले की घर्षणाने बर्फाच्या उंचवट्यांचा वरचा पापुद्रा किंचित ऊबदार होतो; दगड लांब जातो आणि कमी वळतो. कापडावरून मोठा वादही झाला. २०१५ साली अशी काही खरखरीत कापडे निघाली की झाडणारे दगडाला हवे तसे वळवू लागले आणि टाकणाऱ्याच्या कौशल्याला अर्थ उरेना. २०१६ साली जागतिक संघटनेने मोठ्या स्पर्धांसाठी एकच कापड ठरवून दिले. नवशिक्याला त्यातले काही लागत नाही. १९० डॉलरचा झाडू वजनाला हलका असतो हे खरे, पण तो हलकेपणा रोज खेळणाऱ्याच्या खांद्याला कळतो.

तरीही माझे मत असे की बुटांवर २४० डॉलर घालण्यापूर्वी एक साधा झाडू स्वतःचा असावा. कारण सांगतो. नवशिक्याला संघात पहिल्या क्रमांकावर खेळवतात. त्याचे स्वतःचे दगड दोन. बाकीच्या तिघांच्या सहा दगडांपुढे त्याला झाडायचे असते. म्हणजे दोन तासांत त्याच्या हातात दगडापेक्षा झाडू कितीतरी अधिक वेळ. क्लबचे उसने झाडू असतात, पण त्यांच्या गाद्या मळून दगडासारख्या कडक झालेल्या असतात.

भाचीने तो क्लबच्या सूचनाफलकावरून मिळवला. वापरलेले बूट, लहान मुलांचे आखूड झालेले सामान, जुने झाडू यांच्या चिठ्ठ्या तेथे टाचलेल्या असतात. एका निवृत्त शिक्षिकेकडून फायबरच्या दांड्याचा झाडू २५ डॉलरला मिळाला, नवी गादी २० ला घातली. स्लायडर, ग्रिपर, डोक्याचा पट्टा आणि हे धरून एकूण १५० डॉलर, आणि नव्या वस्तूंवरचा कर वेगळा. विक्रेत्याच्या यादीच्या पावभागाहून कमी.

मी सामना पाहायला काचेमागे बसलो होतो. भाची आणि एक उंच गोरा मुलगा, दोघे दगडापुढे वाकून झाडत येत होते आणि पलीकडच्या टोकाला उभी असलेली त्यांची कप्तान, एक पन्नाशीची बाई, गळा फाटेस्तोवर ओरडत होती. तिच्याही हातात झाडू होता. ती तो बर्फावर रोवून दाखवत होती, त्यावर नेम धरून दगड सोडायचा असतो. मी चारही शीट पाहिले. प्रत्येकाच्या हातात झाडू होता. एकदाही कोणी म्हणाले नाही की झाडणे तुझे आणि टाकणे माझे. दगड चुकीचा सुटला तर झाडणारेच तो घरापर्यंत नेतात आणि टाकणारा त्यांचे आभार मानतो.

पेशवाईत आपल्या माणसांच्या कमरेला झाडू कशासाठी बांधला होता, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ताईच्या सासूबाईंच्या हातात तो कोणत्या वाटेने आला, तेही सांगायला नको. बर्फावरचा तो झाडू आणि हा झाडू एक नव्हेत, असे मी ताईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "तुला एक नाही वाटत. मला दिसतो तसाच दिसतो." मी तिला सामन्याचे चित्रीकरण पाठवले. ते तिने पाहिले की नाही ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. ते म्हणाले, "काय ओरडत होती रे ती बाई? आमची पोरगी चुकत होती का?" म्हणजे घरात ते पाहिले गेले होते.

सामना संपल्यावर दोन्ही संघ हस्तांदोलन करतात आणि एका टेबलाशी बसतात. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिले पेय पाजायचे, अशी रीत. भाची मद्य घेत नाही. तिला कॉफी आली, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पंच तर नसतोच. चालत्या दगडाला चुकून तुमचा झाडू लागला तर तुम्हीच सांगायचे. त्या टेबलाशी चार जणांची ओळख झाली. त्यातल्या एकीने दुसऱ्या दिवशी गाडीतून बाजारहाट करून आणली. ही जमा माझ्या वहीत कोणत्या रकान्यात लिहावी ते मला ठरवता आले नाही.

मलाही त्यांनी बर्फावर नेले. माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. त्यावरही इलाज आहे. दांड्याच्या टोकाला एक खोबण असते, ती दगडाच्या मुठीत अडकवून उभ्याने चालत दगड सोडायचा. वृद्ध आणि व्हीलचेअरवरचे खेळाडू असेच खेळतात. व्हीलचेअर कर्लिंग २००६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. हा दांडाही क्लबचाच होता. माझा पहिला दगड निम्म्या वाटेवर थांबला, दुसरा घर ओलांडून मागच्या फळीला धडकला. तिसऱ्यापुढे भाचीने झाडले आणि तो घराच्या कडेला टेकला.

मी परतल्यावर तीन आठवड्यांनी डावखुऱ्या बुटांची स्वस्तातली जोडी, १२० डॉलरची, आली. तिने एक जादा पाळी करून ते पैसे काढले. चढवायचा स्लायडर आता तिला लागत नव्हता. तो तिने क्लबच्या उसन्या सामानाच्या पेटीत टाकला आणि त्यावर शाईने लिहिले, दोन्ही पायांना चालतो.